धाकटीच्या शाळेसाठी

सगळी गल्ली तिला हॅलोबाई म्हणायची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म गेला, त्यामुळे घरी कुणी दार वाजवलं तरी तिच्या तोंडून आधी 'हॅलो' निघायचं. लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर धाकट्या बहिणीला तिनेच शिकवलं. धाकटी शाळेत विज्ञानाची बाई झाली, तिचं लग्न झालं, आणि दोन खोल्यांच्या घरात हॅलोबाई एकटी उरली.

एकटी, पण रिकामी नव्हे. धाकटीची कॉलेजची रसायनशास्त्राची पुस्तकं रद्दीत घालायच्या आधी तिने सहज चाळली होती, आणि तिथेच ती अडकली. आधी तुरटीचे खडे वाढवले, मग मोरचुदाचे. निवृत्तीनंतर तर न्हाणीघराशेजारच्या बोळकांडीत फळ्या ठोकून तिने चक्क प्रयोगशाळाच थाटली. पण तिचा जीव जडला तो काचेला चांदी चढवण्यावर. पाण्यासारखं द्रव आधी गढूळ व्हायचं, काळं पडायचं, आता सगळं बिघडलं असं वाटायचं, आणि बघता बघता बाटलीच्या आतून आरसा चमकायचा. कितीही वेळा केलं तरी ती दर वेळी श्वास रोखून बघायची. विकायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. हौस, बस्स.

सामान ती एकाच दुकानातून आणायची. शाळा-कॉलेजांना परीक्षानळ्या आणि रसायनं पुरवणारा तो म्हातारा दुकानदार तिला स्टूल द्यायचा, हातमोज्यांशिवाय अॅसिडला हात लावू नका म्हणून दर वेळी दटावायचा. मग नवा नियम आला. काच धुवायचं नायट्रिक अॅसिड आणि चांदीचा क्षार आता फक्त संस्थांना किंवा परवाना असलेल्यांनाच विकायचा होता. कुठेतरी कुणीतरी असल्याच सामानातून स्फोट घडवला होता, असं दुकानदार म्हणाला. त्याला स्वतःला वाईट वाटत होतं. परवाना घरी वापरणाऱ्या माणसालाही मिळतो, एकदा कचेरीत जाऊन तर या, असं त्यानेच सुचवलं.

ती गेली. खिडकीतल्या कारकुनाने कारण विचारलं. तिने हळू आवाजात सांगितलं, "हौस."

"काय?"

"हौस आहे मला."

कारकुनाने मान वळवून शेजारच्याला सांगितलं की आजींना हौसेखातर अॅसिड हवंय. तो हसला. रांगेतही खसखस पिकली. कुणीतरी विचारलं, सुनेवर राग आहे का. एका बाईने आपल्या मुलीला जवळ ओढून घेतलं. कारकून तसा वाईट नव्हता. कागद पुढे सरकवून कुठे काय लिहायचं ते त्याने नीट समजावलं. पण हॅलोबाईचे कान इतके तापले होते की तिला एक शब्द ऐकू आला नाही. तो कागद तसाच खिडकीत ठेवून ती चालती झाली.

घरी न जाता ती सरळ दुकानात गेली. परवान्याचं काय झालं, असं दुकानदाराने विचारलं.

"परवाना कशाला? धाकटीच्या शाळेसाठी हवंय," ती म्हणाली. "तिला वेळ नाही, म्हणून मी आले."

हे कुठून आलं ते तिचं तिलाही कळलं नाही. दुकानदाराचा चेहरा मात्र खुलला. मग काहीच अडचण नाही म्हणत त्याने वहीत शाळेचं नाव घातलं आणि बाटल्या कागदात गुंडाळून दिल्या. पुढच्या खेपेला तिला सांगावंही लागलं नाही, तोच म्हणाला, शाळेसाठी ना? तिने मान हलवली. असं वर्षभर चाललं.

एका दुपारी धाकटी अवेळी आली. चपला दारात कशाबशा काढल्या आणि पलंगावर बसून रडायला लागली. शाळेत तपासणीचे लोक आले होते. शाळेच्या नावावर घेतलेलं अॅसिड दाखवा म्हणाले, आणि कपाटात तर एकही बाटली नव्हती. मुख्याध्यापिकेने सगळ्यांसमोर प्रयोगशाळेची किल्ली मागून घेतली. धाकटी बाहेर माल विकते, अशी कुजबुज शिक्षकांच्या खोलीत सुरू झाली होती.

"कुणीतरी माझ्या नावावर नेलंय गं ताई," ती म्हणाली. "माझं कुणी काय वाईट केलं होतं?"

बोळकांडीचं दार चार हातांवर होतं. हॅलोबाईने उठून चहा टाकला. धाकटीला आवडतो तसा, दूध जास्त घालून. तिच्या पाठीवरून हात फिरवला. आणि वर म्हणाली, "असतात मेली अशी माणसं."

धाकटी गेली, आणि त्यानंतर हॅलोबाईने त्या बोळकांडीत पाय ठेवला नाही. आपण हे बोललो कसं, हेच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. नाव वापरलं ते एक वेळ भिडेपोटी. पण रडणाऱ्या बहिणीला जवळ घेऊन तिच्याबरोबर चोराला शिव्या घातल्या, त्याला काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. रसायनांच्या कपाटाला सील ठोकलेलं होतं. कोण न्यायचं म्हणून तपासणीवाल्यांनी दुकानदाराला खोदून खोदून विचारलं होतं. कुणीतरी बाई यायची, चेहरा आठवत नाही, असं त्याने सांगितलं. हे तिला सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, फडक्याने काचेची नरसाळी पुसत होता. तिला पुढे केलेलं स्टूल तसंच रिकामं राहिलं.

तिथून ती शाळेत गेली आणि मुख्याध्यापिकेपुढे उभी राहिली. हात जोडले, सगळं सांगितलं. मग तपासणीवाल्यांपुढेही तेच. त्यांनी घरून बाटल्या नेल्या, तेव्हा गल्ली दारादारात उभी होती. वय बघून तिला समज देऊन सोडलं. दुकानदाराचं कपाट मात्र सहा महिने बंद राहिलं. धाकटीला किल्ली परत मिळाली, पण मुख्याध्यापिकेने झंझटच नको म्हणून अॅसिड शाळेतून हद्दपार केलं. आता मुलं प्रयोग पडद्यावर बघतात.

धाकटीला हे मुख्याध्यापिकेकडून कळलं. संध्याकाळी ती आली ती दारातच उभी राहिली.

"त्या दिवशी मी रडत होते, तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"हो."

"चहा करताना?"

"हो."

"मला विचारायचं तरी होतंस ताई. मी बाटली दिली नसती. पण त्या कचेरीत तुझ्याबरोबर आले असते."

हॅलोबाईला लोक हसल्याचं सांगायचं होतं. पण लोक तर धाकटीबद्दलही कुजबुजले होते, आणि तिने काहीच केलं नव्हतं.

धाकटीने बोलणं तोडलं नाही. रविवारी फोन येतो. तब्येत विचारते, गोळ्या घेतल्या का विचारते. महिन्या-दोन महिन्यांनी घरीही येते. मागच्या खेपेला दोघी बराच वेळ बसल्या, पाण्याच्या टंचाईवर बोलल्या. निघताना धाकटीने आपला कप उचलला, मोरीवर नेऊन विसळला आणि पालथा घातला. या घरात आजवर तिने कधी कप उचलला नव्हता. हॅलोबाईला 'राहू दे गं' म्हणायचं होतं. पण ते म्हणायला आपलं तोंड उरलंय का, याचा विचार करत असतानाच दार लागल्याचा आवाज आला.