मी दिलेली साक्ष

तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्यापासून कोसभर आत, आमची पाच ख्रिस्ती घरं होती. माझे यजमान तिथल्या मिशनच्या शाळेत मास्तर. शाळेच्या खोलीतच रविवारी उपासना व्हायची, आणि दोन महिन्यांतून एकदा भोरहून पाळक आले की प्रभुभोजन. लग्न होऊन मी तिथं गेले तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि त्या डोंगरात माझा जीव रमत नव्हता. मला सांभाळून घेतलं ते शेजारच्या घरातल्या विधवा बाईनं. घायपाताचे दोर वळून ती पोट भरायची. मी तिला आक्का म्हणायचे. माझा थोरला मुलगा तिच्याच हातांवर जन्मला.

तिचा गळा गोड होता. उपासनेत गीत तीच धरायची. लिहितावाचता मला येत होतं, पण दुखणंखुपणं सांगायला बाया तिच्याकडे जायच्या. पाळकांच्या पत्नी आल्या की चहा माझ्या घरी घ्यायच्या आणि गप्पांना तिच्या ओट्यावर जाऊन बसायच्या. ते मला सलत होतं. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी साफ नाही म्हटलं असतं.

आक्काला एकच मुलगी, सहा वर्षांची. एका श्रावणात तिला हिवताप झाला. यजमानांनी हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या दिल्या, आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली. ताप उतरायचा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चढायचा. एका दुपारी मी ओढ्यावरून धुणं घेऊन येत होते, तेव्हा आक्का मुलीला कडेवर घेऊन देवीच्या देवळाकडून येताना दिसली. पोरीच्या कपाळाला अंगारा होता. मला बघताच तिनं तो पदरानं पुसला.

"मास्तरीणबाई, कुणाला सांगू नगा," ती म्हणाली. "म्या येशूला सोडलं न्हाई. पर पोर माझ्या हातातनं चाललीय. दिसंल त्या दारात उभी ऱ्हातीया."

मी "बरं" म्हटलं. संध्याकाळी यजमानांना सांगितलं.

पुढच्या आठवड्यात पाळक आले. यजमानांनी ती गोष्ट मंडळीच्या पंचांच्या कानावर घातली होती. उपासना झाल्यावर त्यांनी तिला उभं केलं. तेव्हा पाळकांनी विचारलं, "कुणी पाहिलं?" खोलीत वीसेक माणसं होती. यजमानांनी माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. मी आपण होऊन उठले आणि म्हणाले, "मी पाहिलं." माझा आवाज ठणठणीत होता. आपण सत्याची बाजू घेतोय असं मला खरोखर वाटत होतं, आणि त्याखाली एक बारीकसा आनंदही होता.

पाळक वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "बाई, सर्वांसमोर पश्चात्ताप करा, म्हणजे संपलं."

आक्का म्हणाली, "करीन. पोरगी उठून बसू द्या, मग करीन. आत्ता केला अन् देवी कोपली तर म्या काय करू?"

एक-दोघं हसले. तिला मंडळीबाहेर ठेवायचं ठरलं. तिच्याशी बसणंउठणं बंद.

नवव्या दिवशी मुलगी गेली. पाळक भोरला परतले होते. आमच्या मातीच्या जागेत पुरू द्यावं का, असा प्रश्न आला. यजमान म्हणाले, "पाळकांना विचारल्याशिवाय मला अधिकार नाही." आक्का आपल्या जुन्या भावकीकडे गेली. ते म्हणाले, "तुमी बाटलेली माणसं, आमच्या मसणवट्यात जागा न्हाई." शेवटी तिनं आणि भावकीतून एकट्याच आलेल्या तिच्या दिरानं मिळून ओढ्याच्या काठाला खड्डा खणला. पाऊस लागला होता. मी दाराच्या फटीतून बघत होते. बाहेर पडून हातभार लावावा, निदान उभं राहावं, एवढंही माझ्याच्यानं झालं नाही. पुढच्या पावसाळ्यात ओढ्यानं ती कड तोडून नेली. आक्का त्याआधीच भोंगवलीला भावाकडे निघून गेली होती.

पाच वर्षांनी माझ्या धाकट्याला तसाच ताप आला. यजमान शाळेच्या कामाला भोरला गेले होते. तीन दिवस मी गुडघ्यांवर होते. चौथ्या दिवशी पोरानं डोळे फिरवले. भर दुपारी त्याला पाठीशी बांधून मी देवीच्या देवळात गेले. गुरवानं काही न विचारता अंगारा दिला. मी तो पोराच्या कपाळाला लावला नाही. अंगरख्याखाली, पोटाला लावला. आक्कापेक्षा मी जास्त शहाणी होते.

पोरगा वाचला. कोयनेलनं, प्रार्थनेनं की अंगाऱ्यानं, मला ठाऊक नाही. मला कुणी पाहिलं नव्हतं. पुढच्या महिन्यात पाळक आले आणि मी सगळ्यांबरोबर प्रभुभोजन घेतलं. भाकर घशाखाली उतरली. त्याचीच मला भीती वाटली.

त्यानंतर मी भोंगवलीला गेले. नसरापूरपर्यंत पायी, तिथून सर्व्हिस मोटार, मग पुन्हा पायी. आक्का भावाच्या अंगणात दोर वळत बसली होती. केस पांढरे झाले होते. मी समोर मातीत बसले आणि सगळं सांगितलं. हात न थांबवता तिनं ऐकलं.

"पोरगं वाचलं का?" तिनं विचारलं.

"वाचलं."

"बरं झालं."

तिनं दोराला नवा पेड जोडला. मी म्हणाले, "आक्का, मला माफ करा."

"मंडळीत सांगितलंत का?"

"नाही."

"माझं सांगताना समद्यांच्या म्होरं उभ्या ऱ्हायलात," ती म्हणाली. रागानं नाही, जसं घडलं तसं. "तुमचं सांगायला हितं आलात, जितं कुणी न्हाई. म्या माफ केलं म्हटलं तर तुमी सुखानं जाल. पर माझ्या तोंडातनं ते येत न्हाई. खोटं कशाला बोलू?"

तिनं मला पाणी दिलं. "मोटार चुकंल, निघा," म्हणाली.

घरी आल्यावर यजमानांना सांगितलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाले, "हे बाहेर गेलं तर माझी शाळा जाईल. झालं ते देवाला ठाऊक आहे, तेवढं पुरे." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर, त्यांनी तसं म्हणावं म्हणूनच मी त्यांना सांगितलं असेल. पश्चात्ताप मला रोज होत होता, पण त्यासाठी उठून उभं राहायची वेळ आली की पाय उचलत नव्हते. असल्या पश्चात्तापाला काय म्हणतात, ते कुठल्याही प्रवचनात मी ऐकलं नाही. आक्का दोन वर्षांनी वारल्याचं कळलं.

पुढं एका तरुण बाईला नवऱ्याला सोडून आल्याबद्दल पंचांनी असंच उभं केलं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. ती का आली होती ते मला माहीत होतं. तिच्या पाठीवरचे वळ मी पाहिले होते. एक शब्द बोलले असते तर फरक पडला असता. पण तोंड उघडलं तर माझंही सगळं बाहेर येईल, या धास्तीनं मी खाली बघत बसले. तिलाही मंडळीबाहेर ठेवलं. बाहेर पडताना एक म्हातारे पंच मला म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमी आता कुणाला दोष देत न्हाई. लई मोठं मन झालं तुमचं."

मी त्यांना हात जोडले आणि घरी आले.