जहाजरावांच्या डबीतली माती

कड्याजवळच्या धनगरवस्तीवर कुणालाही विचारा, "जहाजराव कुठं राहतात?" लगेच घर दाखवतील. "सिदू कुठं राहतो?" असं विचारलंत, तर मात्र समोरच्याला जरा आठवावं लागेल. पोहायचं तर विहीर आणि बघायचं तर पाझर तलाव, अशा मुलखातला हा माणूस तेरा वर्षं मालवाहू जहाजांवर काम करून आला. काम काय, तर खलाशांच्या जेवणघरात ताटं मांडायची, भांडी घासायची, चहा करायचा. पण वस्तीला त्याचं काय? मेंढरांमागं हिंडणाऱ्या शहादेवाचा पोरगा ब्राझीलला जाऊन आला, एवढं वस्तीला पुरलं.

आणि खरी गोम तिथंच होती. सिदू ब्राझीलपर्यंत गेला होता. ब्राझीलमध्ये गेला नव्हता.

पहिल्याच खेपेला जहाज ब्राझीलच्या सांतोस बंदरात लागलं. सिदूच्या हातात उतरण्याचा पास होता, अंगात मुद्दाम शिवून घेतलेला नवा शर्ट होता. बाकीचे भराभर उतरून गेले. सिदू शिडीवर निम्म्यापर्यंत गेला. खाली पाणी हलत होतं, पलीकडं फाटक होतं, फाटकावर बंदूकवाला उभा होता, आणि त्यानं काही विचारलंच तर सिदूपाशी मराठी आणि मोडकी हिंदी सोडून काही नव्हतं. तो तिथूनच माघारी फिरला. पोटात दुखतंय, असं त्यानं केरळच्या कुंजुमोन स्वयंपाक्याला सांगितलं. पोटात काही दुखत नव्हतं. ती निव्वळ भीती होती.

पुढच्या बंदरात पुन्हा पोट दुखलं. त्याच्या पुढच्या बंदरात कुणी विचारलंच नाही. जहाजावर कुणीतरी मागं थांबावं लागतंच, आणि सिदू थांबतोय म्हटल्यावर सगळ्यांची सोय झाली. ते त्याच्या अंगवळणी पडलं. मुंबईत चढायचा, मुंबईत उतरायचा, मधली सगळी पृथ्वी त्यानं कठड्याला कोपर टेकून पाहिली. शेवटी कोरोना आला आणि कुठल्याच बंदरात कुणालाच उतरू देईनात. बाकीचे चडफडत होते. सिदूला मात्र तेरा वर्षांत पहिल्यांदा चारचौघांसारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची पुन्हा लाज वाटली.

तरी त्याचं एक मान्य करायला हवं. उतरून आलेल्यांना तो चहा द्यायचा आणि विचारायचा, "काय पाहिलं? आणि हे उतरणं, तुमच्यात याला काय म्हणतात?" उपाशी माणसानं दुसऱ्याच्या जेवणाची चौकशी करावी तसं ते विचारणं होतं. पण त्यातून त्याच्याजवळ शब्दांचं गाठोडं जमलं. कुंजुमोन म्हणायचा 'करय्क्किरंगी', म्हणजे काठावर खाली आलो. फिलिपिन्सचा रोमेल म्हणायचा 'बुमाबा', तेही खाली येणंच. चितगावचा शफीक मात्र 'डांगाय ओठा' म्हणायचा. डांगा म्हणजे कोरडी भुई, आणि ओठा म्हणजे वर चढणं. तुर्की फिटर 'काराया चिकमाक' म्हणायचा, जमिनीवर बाहेर निघणं, वर चढणं. चिनी खलाशीसुद्धा काठावर चढायचे, 'शांग आन'. जहाज तेच, शिडी तीच, पण निम्मे लोक खाली उतरत होते आणि निम्मे वर चढत होते. सिदूनं यावर पुष्कळ विचार केला, कारण विचार करायला तो एकटाच मागं असायचा. ज्याचं मन अजून जहाजात आहे तो उतरतो, आणि ज्याचं मन आधीच जमिनीवर गेलंय तो चढतो, असं त्यानं ठरवलं. त्याचा बापही नदीतून मेंढरं पलीकडं नेली की 'वर काढली' म्हणायचा, कधी 'उतरवली' म्हणायचा नाही.

हा बाप, शहादेव, फार वेगळा माणूस होता. कळप घेऊन कुठल्याही नव्या शिवारात शिरताना तो आधी बांधावरची चिमूटभर माती कपाळाला लावायचा. "परक्याच्या भुईवर पाय द्यायचा, तर आधी तिला इचारावं," म्हणायचा. सिदू जहाजावर निघाला तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं होतं, "उतरलास की कपाळाला लाव. आन् मला बी आण चिमूटभर."

दोन खेपा सिदूनं टाळाटाळ केली. माती आणू देत नाहीत, तपासणी असते, असं काहीबाही सांगितलं. तिसऱ्या खेपेला मुंबईहून येताना नगरच्या स्टँडवर त्यानं गाडी बदलली. बापाचा चेहरा डोळ्यांपुढं आला. स्टँडबाहेरच्या लिंबाखाली तो बूट बांधायच्या निमित्तानं वाकला, आणि गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत त्यानं मूठभर माती भरली.

"ब्राझीलची," घरी येऊन तो म्हणाला.

शहादेवानं वास घेतला. "आपल्यासारखीच हाय की रे."

"माती सगळीकडं सारखीच असते, आबा," सिदू म्हणाला. बघा, निर्लज्जपणाला सुद्धा कसं शहाणपण सुचतं!

बापानं डोळे मिटले आणि ती माती कपाळाला लावली. सिदूनं त्या वेळी खाली पाहिलं ते पाहिलंच. शहादेवानं तंबाखूची पत्र्याची डबी घासूनपुसून त्यात ती माती ठेवली आणि तंबाखूला नवी डबी घेतली.

पुढं शहादेव गेला तेव्हा सिदू समुद्रावर होता. मरताना शहादेवानं ती डबी मेंढरांमागच्या आपल्या जोडीदाराकडं, रामकिसनकडं दिली. रामकिसननं काय करावं? दसऱ्यानंतर वस्तीवरची माणसं ऊसतोडीला निघतात, तेव्हा ट्रकपाशी उभं राहून तो एकेकाच्या कपाळाला त्यातला कणभर लावू लागला. सातासमुद्रापलीकडं उतरून सुखरूप परत आलेल्याच्या पायाखालची माती, म्हणून लोक तिच्यापुढं मान वाकवायचे. सिदू कायमचा घरी आला त्या वर्षी त्यानं हे पहिल्यांदा पाहिलं. तेव्हापासून ट्रक निघायच्या दिवशी तो उजाडताच मेंढरं घेऊन माळावर जाई आणि ट्रकचा आवाज विरल्याशिवाय खाली येत नसे.

त्याच्या चुलतभावाची मुलगी योगिता गावातल्या शाळेत शिक्षिका आहे. गेल्या सप्टेंबरात हिंदी दिवस आला. एकाच भाषेचा दिवस कशाला, म्हणून तिनं सगळ्याच भाषांचा कार्यक्रम ठेवला आणि पाहुणे म्हणून जहाजरावांना बोलावलं. "काका, ते उतरण्याचे शब्द सांगा तुम्ही. आणि लोकांनाही बोलावलंय मी." नाही म्हणायला सिदूला कारण सापडलं नाही. बायकोनं, शिवकन्येनं, हौसेनं शर्टाला इस्त्री केली.

आणि तो बोलला छान. उतरणारे कोण, चढणारे कोण, ते त्यानं हात वर-खाली करून दाखवलं. पोरं 'शांग आन, शांग आन' म्हणत बाकांवर चढली. मागं सतरंजीवर दगडाबाई बसली होती. तीस वर्षं ऊस तोडलेली बाई. तिनं हात वर केला.

"सिदू, आमी गेल्या साली कर्नाटकात गेलतो. तिकडं 'इळी' म्हणत्यात. रातभर ट्रकात बसून अंग आंबलेलं आसतं, आन् फडावर कुणीतरी वरडतं, इळी, इळी! मग आमी उतरतो. भाषा कळत न्हाई का मानूस वळखीचं न्हाई. म्या आधी पानी कुटं हाय ते बगते. मग पोरी कुटं निजवायच्या ते बगते. तू उतरलास का आधी काय बगायचास रे?"

सगळ्यांनी माना वळवल्या. दगडाबाईच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिला खरंच ऐकायचं होतं.

सिदू आठवू लागला. कुंजुमोननं सांगितलेले बाजार आठवले, रोमेलनं सांगितलेलं चर्च आठवलं. पण उतरल्याबरोबर आधी कुठं बघतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यानं ते कधी विचारलंच नव्हतं. समोर सतरंजीवर बसलेली निम्मी माणसं दर वर्षी परक्या भुईवर उतरत होती, कुठल्याही पासाशिवाय, लेकराबाळांसकट, आणि टाळ्या मात्र त्याच्यासाठी वाजत होत्या. "पाणीच," तो पुटपुटला आणि खाली बसला. लोक म्हणाले, जहाजराव किती साधे आहेत बघा.

त्या दुपारी तो तडक रामकिसनच्या वाड्यावर गेला. मेंढरांचा वाडा, काट्याकुट्यांचं कुंपण असलेला. रामकिसन एका मेंढीचा खूर तासत होता. सिदूनं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. शिडी, पोटदुखी, नगरचं स्टँड, लिंबाचं झाड. रामकिसनचा हात थांबला नाही.

"शहादेवाला म्हाईत व्हतं का?"

"न्हाई, नाना."

"कावून केलंस बे असं?"

"भ्यालो. आन् मग सांगायची लाज वाटली."

रामकिसननं खूर पुरता तासला, मेंढी सोडली. मग आत जाऊन डबी आणली आणि सिदूच्या हातात ठेवली. "म्या आता कुनाच्या कपाळाला हात लावायचो न्हाई. दसरा झाला का लोकं येत्याल. त्यांला काय लावायचं, ते तूच सांग."

एवढंच. रागावला असता तर बरं झालं असतं, असं सिदूला वाटलं.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी ट्रक लागला. भांडीकुंडी, कोयते, पत्रे, शेळ्या, सगळं चढलं. सिदू डबी घेऊन उभा होता, आणि माळावर पळून जावं असं पायांना हजारदा वाटत होतं. माणसं रांगेत आली. पहिला अंगद होता, टोळीतला तगडा गडी. त्यानं मान वाकवली.

"थांब," सिदू म्हणाला. "ही माती ब्राझीलची न्हाई. नगरच्या स्टँडवरची हाय. मी कुटंच उतरलो न्हाई. तेरा वर्सं जहाजावरच बसून व्हतो."

मागून कुणीतरी हसलं आणि ते हसू सगळ्या रांगेत पसरलं. अंगद हसला नाही. त्यानं मान ताठ केली. "आमाला येड्यात काढलं बे येवढी वर्सं. माझी आई तुज्या मातीपुढं वाकायची." असं म्हणून तो ट्रकात चढला. त्याच्यामागं आणखी चारपाच जण तसेच चढले. सिदूनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. पाहण्याचा हक्क आपल्याला नाही, असंच त्याला वाटलं.

शेवटी दगडाबाई पुढं आली. एका काखेत नात, दुसऱ्या हातात पाण्याची कळशी.

"कुटली म्हनलास?"

"नगरची. स्टँडवरची."

"मग लाव की. आमचा ट्रक बी नगरावरूनच जातोय यंदा."

ती थट्टा नव्हती. तिनं कपाळ पुढं केलं, नातीचंही केलं. सिदूनं दोघींना माती लावली. कुंकवाशेजारी ठिपका जरा वाकडा पडला. दगडाबाईनं कळशी वर दिली, नातीला वर दिलं आणि चाकावर पाय ठेवून स्वतः चढली. वरून ती म्हणाली, "येताना तिकडली चिमूटभर आणीन तुला. पाय टेकून आणीन."

ट्रक गेला. सिदू डबी उघडी धरून तिथंच उभा राहिला. तळाशी थोडी माती उरली होती. इतक्या वर्षांत इतकी माणसं ती लावून गेली, आपल्या कपाळाला मात्र ती कधी लागली नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं बोट डबीपर्यंत नेलं. मग 'उतरलास की कपाळाला लाव' हे आबांचं बोलणं आठवून त्याला फार लाज वाटली, आणि त्यानं झाकण लावून टाकलं.