नळीबाईच्या घरची चूल

वस्तीत तिला सगळे नळीबाई म्हणायचे. पत्र्याच्या नळ्या डोक्यावर, मातीची पाटी कमरेला आणि पिशवीत थापी, अशी ती सकाळी निघाली की पोरं ओरडायची, "नळीबाई आली, धूर पळाला!" सुरुवातीला ती हसायची. पुढेपुढे हसण्याचाही तिला कंटाळा येऊ लागला.

बिनधुराच्या चुली बांधणं हे तिचं काम. वडील गवंडी होते, त्यांच्या हाताखाली ती माती मळायला शिकली होती. एका संस्थेनं वस्तीत या चुली बसवायचं ठरवलं तेव्हा बायकांच्या स्वयंपाकघरात पुरुष गवंडी नको, म्हणून काम तिच्याकडे आलं. माती, भुसा आणि विटांचे तुकडे यांची ती चूल. पुढे जाळाचं लहान तोंड, मागे दुसरं भांडं ठेवायचा वैल आणि वैलामागून छपराबाहेर जाणारी नळी. बांधून झाली की नळीबाई पहिला जाळ स्वतः लावायची आणि घरातल्या बाईला हाताला धरून अंगणात न्यायची. "बघा वहिनी, तुमचा धूर तिकडे चाललाय." ती बाई वर बघून खूश व्हायची. त्या एवढ्याशा क्षणासाठी नळीबाईनं बरीच वर्षं माती वाहिली.

बांधणं सोपं होतं. जीव जायचा तो नंतरच्या फेरीत. काही महिन्यांनी काजळी झाडायला ती परत गेली की एखाद्या घरी नळी छपराच्या पन्हाळीला जोडलेली असायची. कुठे चुलीच्या तोंडात कोंबडी अंड्यावर बसलेली. कुठे वैलावर पाण्याची कळशी, आणि बाई मागच्या पडवीत तीन दगडांवर भात शिजवताना डोळे पुसत असायची.

"अहो, मग मी ही बांधली कशाला?"

"छान आहे गं तुझी चूल. पाहुणे आले की दाखवते ना."

कुणाचं पातेलं मोठं, ते नीट बसत नाही. कुणाला जाळ दिसला नाही की चुकल्यासारखं वाटतं. कुणाचा नवरा नळी साफ करायला छपरावर चढत नाही. नळीबाई प्रत्येकीला तेच समजावायची. लाकूड बारीक फोडा, वाळवून घाला, तोंड कोंबू नका. बोलून बोलून तिच्या जिभेला घट्टे पडले होते.

कोपऱ्यावरची शिंपीण या सगळ्यांत वस्ताद. दिवसभर मशीन चालवायची, मध्येच उठून चूल फुंकायची आणि खोकत परत मशीनवर बसायची. तिनं तर बिनधुराची चूल बांधूनच घेतली नव्हती. एकदा नळीबाई तिच्या दारात पुन्हा उभी राहिली तेव्हा ती दोरा तोडत म्हणाली, "दुसऱ्यांना शिकवतेस ते ठीक. आधी तुझ्या घरची चूल दाखव. भर दुपारी, पेटलेली. मग मी विचार करीन."

"चला की, आत्ता चला," नळीबाई म्हणाली. तिला कसली भीती? सगळ्यांत सुबक चूल तर तिच्याच घरात होती. शिंपिणीबरोबर शेजारच्या दोघी-तिघी गंमत बघायला निघाल्या.

नळीबाईच्या घरात ती, तिची सासू, शाळकरी मुलगी आणि महिन्यातले थोडे दिवस नवरा. नवरा ट्रकवर असायचा. नळीबाई सकाळी बाहेर पडायची, म्हणून दिवसाचा स्वयंपाक सासूच करायची. संध्याकाळी नळीबाई परतली की घर झाडलेलं असायचं, बिनधुराच्या चुलीवर चहाचं भांडं असायचं आणि सासू दारात वारा घेत बसलेली असायची. सासूला खोकला होता, पण म्हातारं माणूस म्हटलं की थोडंफार चालायचंच, असं नळीबाई धरून चालली होती.

त्या दुपारी तिनं दार ढकललं आणि आतून धुराचा लोटच बाहेर आला. दाराआडच्या कोपऱ्यात तीन दगड मांडलेले, त्यांवर पातेलं आणि समोर फुंकणी हातात घेतलेली सासू. डोळे लालभडक. सुनेला आणि मागच्या बायकांना बघून ती उठायला गेली, पण खोकल्याची उबळ आली आणि तिथेच भिंतीला टेकली. पलीकडे नळीबाईची चूल सारवलेली, थंडगार.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," शिंपीण पुटपुटली, पण पुढचं तिनं गिळलं. म्हातारी श्वासासाठी तोंड उघडून बसली होती. शिंपिणीनंच तिला पाणी दिलं. बायका गुपचूप निघून गेल्या.

नळीबाई उंबऱ्यावर बसली. तिला रडूही येईना.

"आई, घरात चांगली चूल असताना हे काय?"

"चांगलीच आहे गं. पण तिच्या तोंडात माझं लाकूड जात नाही." सासूनं हात पुढे केले. बोटं सांध्यांत सुजून वाकडी झाली होती. "अंगठ्याएवढं फोडून घालायचं म्हणतेस. या हातांनी मी कुऱ्हाड कशी धरू? दगडांवर ओंडका सरकवला की झालं."

"मग मला सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं? तू दमून येतेस. जगाच्या चुली बांधून आलेल्या सुनेला सांगू, की बाई, तुझी चूल मला जमत नाही? तू यायच्या आत दगड उचलून ठेवायचे. तेवढं जमत होतं."

गेली कित्येक वर्षं ती घरोघरी जाऊन विचारत होती, चूल का पेटवत नाही म्हणून. घरात विचारायचं राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती सासूला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, यंत्राच्या नळीत जोरात फुंकायला लावलं. म्हणाल्या, "फुप्फुसं जेवढी गेलीत तेवढी परत यायची नाहीत. उरलीत ती सांभाळा. धुरापासून लांब ठेवा, एवढंच आपल्या हातात आहे." सासू परत येताना वाटेत तीनदा थांबली, आणि दर वेळी म्हणाली, "मी ठीक आहे, तू हो पुढे."

नवरा घरी आला तेव्हा नळीबाईनं विषय काढला. "अहो, घरी असाल तेवढे दिवस आईंसाठी सरपण फोडून ठेवाल का?"

तो हसला. "घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते काही खोटं नाही. पण आमच्या बापानं कधी सरपणाला हात लावला नव्हता बरं."

"माहितीय," आतून सासू म्हणाली. "म्हणून तर मी..." पुढचं वाक्य खोकल्यात गेलं. नवरा वाट बघत राहिला. ते वाक्य काही पुरं झालं नाही. थोड्या वेळानं तो उठला आणि कुऱ्हाड घेऊन मागे गेला.

त्यानं फोडलेले तुकडे मनगटाएवढे जाड होते. नळीबाईला निम्मे पुन्हा फोडावे लागले. पण पुढच्या खेपेला तो न सांगता सरपण फोडायला बसला. तो ट्रकवर असला की ती स्वतःच सकाळी फोडून ठेवायची आणि आधीच भरून आलेल्या खांद्यांनी कामाला निघायची. एका सुट्टीत तिनं आपली सुबक चूल पाडली आणि नव्यानं बांधली. ओटा उंच केला, म्हणजे सासूला वाकावं लागू नये. तोंडही जरा मोठं ठेवलं. संस्थेचा माणूस म्हणाला, "हे मापात नाही. थोडा धूर बाहेर येणार."

"येऊ दे थोडा," ती म्हणाली. "पेटली तर पाहिजे."

सासू त्यानंतर काही वर्षं जगली. खोकला शेवटपर्यंत सोबत होता, पण तीन दगड पुन्हा मांडले गेले नाहीत. ती गेली तोवर संस्थाही दुसऱ्या कामाला लागली होती. काही घरांत गॅस आला. तो चहापुरता वापरायचा, भाताला चूलच. नळीबाई बोलावणं आलं की जायची. आता ती आधी विचारायची, "सरपण फोडतं कोण?" आणि ज्याच्याकडे बोट जाईल त्याला समोर बसवायची. बरेच पुरुष काहीतरी काम काढून उठून जायचे. काही बसायचे.

शिंपिणीची सून गरोदर राहिली तेव्हा शिंपिणीनं निरोप धाडला. नळीबाई गेली. शिंपीण बरीच वाळली होती, मशीन आता सून चालवत होती.

"बांध बाई एकदाची," शिंपीण म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझा खोकला जाईल का गं यानं?"

'जाईल की,' हे आधी सगळ्यांना द्यायची ते उत्तर नळीबाईच्या तोंडाशी आलं होतं.

"तुमचा नाही जायचा, ताई. सुनेला कदाचित लागणार नाही."

शिंपिणीनं मान हलवली आणि पाण्याची बादली पुढे सरकवली. नळीबाई खाली बसली, गुडघे जरा चोळले आणि माती मळायला घेतली.