चार गाड्या आणि माझी दोन पानी तक्रार

“वानखेडे सरले सांगजो, गाडीचा अजून काई पत्ता नाई,” आमचे सेल्स मॅनेजर मोबाइलवरची नजर न काढता म्हणाले.

पत्ता होता. अलॉटमेंटचा मेल सकाळीच आला होता. अलॉटमेंट म्हणजे कंपनी कोणत्या डीलरला किती गाड्या देणार, त्याचं वाटप. आमच्या वर्ध्याच्या शोरूमला चार मिळाल्या होत्या. टर्बो इंजिन, हातानं बदलायचे सहा गिअर, आणि असा आवाज की रस्त्यावरचा माणूस मान वळवून बघतो. हातानं गिअर बदलायची ही शेवटची खेप. यानंतर फक्त ऑटोमॅटिक, असं त्याच मेलमध्ये होतं.

“भाऊ, बुकिंगमध्ये सरांचा नंबर तिसरा आहे. गाड्या चार आहेत.”

“तो कॉम्प्युटरातला नंबर. शेठच्या यादीत ते नववे हायेत.”

“काऊन?”

“पॅकेज नाई घेतलं न त्यायनं.”

हे पॅकेज समजून घ्या. कंपनीनं ठरवलेली किंमत डीलरला वाढवता येत नाही. मग तो सीट कव्हर, कोटिंग, मॅट आणि त्याच्याकडचाच विमा असा एक गठ्ठा बांधतो. नवीन गाडीवर झुंबड असली की गठ्ठा घेणारा यादीत वर सरकतो. बिल पक्कं मिळतं, सही तुमचीच असते. याला आमच्याकडे ‘कस्टमर चॉइस’ म्हणतात. मी लूट म्हणते. कॉलेजात फीवाढीपासून बसपासपर्यंत सगळ्यावर पत्रकं लिहून वाटलीत मी. लुटीला गोड नाव द्यायची सवय लागली नाही.

वानखेडे सर समुद्रपूरकडचे. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकवून वर्षभरापूर्वी रिटायर झालेले. आयुष्यभर मधोमध कापलेल्या इंजिनवर पोरांना पिस्टन दाखवला, स्वतःची गाडी कधी घेतली नाही. दर रविवारी एस.टी.नं वर्ध्याला यायचे. ड्रायव्हरच्या मागची सीट धरायचे, गिअर ऐकू येतो म्हणून. शोरूममध्ये येऊन डिस्प्लेच्या गाडीत बसायचे. इंजिन बंद. तरी क्लच दाबून पहिला, दुसरा, तिसरा असे गिअर टाकत राहायचे, डोळे समोरच्या काचेवर.

एकदा मॅडमही सोबत होत्या, म्हणजे त्यांच्या मिसेस. मला म्हणाल्या, “घरचा मिक्सर चार महिन्यांपासून बंद हाय. त्याले हात नाई लावत हा माणूस. अन् इथं येऊन बंद गाडी चालवून राह्यला.”

टेस्ट ड्राइव्ह त्यांना एकदाच मिळाली. बाजूच्या सीटवर मी होते. पवनारच्या पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. गाडी बंद केल्यावरही त्यांनी स्टिअरिंग सोडलं नाही.

“बेटा, टर्बो कसा काम करते, हे पोरायले इतकी वर्षं फळ्यावर काढून दाखवलं,” ते म्हणाले. “मले आज समजलं.”

तर त्या मेलनंतरच्या रविवारी सर आले. मी त्यांना खोटं सांगितलं नाही. अलॉटमेंट, शेठची यादी, नववा नंबर, सगळं सांगितलं.

सर म्हणाले, “मग घेतो न पॅकेज. फंडाचे पैसे हायेत.”

“अजिबात नाही, सर. आज तुम्ही दिले तर उद्या समुद्रपूरच्या प्रत्येक माणसाला द्यावे लागतील.”

“समुद्रपुरात दुसरा कोण घेऊन राह्यला ही गाडी?”

मी हसले नाही. भाषणच दिलं त्यांना. हक्क, रांग, ग्राहक. बुकिंगच्या पावतीमागे बारीक अक्षरात ‘वाटप बुकिंगच्या क्रमाने’ असं छापलेलं असतं, ते वाचून दाखवलं आणि कंपनीला तक्रार करू म्हटलं. सर गाडीकडे बघत ऐकत होते. शेवटी म्हणाले, “बरं. लिही मग.”

रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसून मी त्यांच्या मोबाइलवरून कंपनीला तक्रार लिहिली. प्रिंट काढली असती तर दोन पानं भरली असती. डीलरची मनमानी, समांतर यादी, सामान्य माणसाची पिळवणूक. संपूर्ण यादीची सखोल चौकशी झालीच पाहिजे, असा शेवट.

सरांनी चष्मा वर करून पूर्ण वाचली. “जबरदस्त लिहिलं. पण शेवटी एक लाइन टाकतेस काय, की मले गाडी पाहिजे म्हणून?”

“ते त्यात आलंच, सर.”

त्यांनी पाठवून दिली.

दहा दिवसांनी कंपनीचे एरिया मॅनेजर शोरूमला आले. रजिस्टर, बुकिंग, पावत्या, सगळं तपासलं. शेठ घाम पुसत होते. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. संध्याकाळी एरिया मॅनेजर निघाले, तेव्हा मी त्यांना गाठलं आणि वानखेडे सरांच्या गाडीचं विचारलं.

“ते तक्रारवाले? त्यांची तक्रार बरोबर निघाली. यादीत गडबड आहे.”

“मग गाडी कधी?”

“मॅडम, चौकशी सुरू झाली की त्या डीलरचं अलॉटमेंट थांबतं. चारही गाड्या नागपूरच्या डीलरला गेल्या. तिथं त्यांची वेगळी रांग आहे.”

“पण नंबर तर सरांचा होता!”

“नंबर होता, म्हणून तर आमच्याकडे सोपा इलाज होता. शेठना एक फोन केला असता, गाडी वानखेडेंना मिळाली असती. पण त्यांनी गाडी मागितलीच नाही. चौकशी मागितली. ती आम्ही केली.”

सरांना फोन मीच केला. सगळं सांगितलं, ती एक लाइन मी टाकली नव्हती हेही. त्यांनी विचारलं, “कोणत्या रंगाच्या होत्या?”

“तीन पांढऱ्या. एक लाल.”

“लाल,” ते म्हणाले. तेवढंच. मग माझी नोकरी धोक्यात तर नाही ना, हे विचारलं.

शोरूमला कंपनीची ताकीद मिळाली. पॅकेजची सक्ती बंद झाली. आता काउंटरवर पाटी आहे की अॅक्सेसरीज ऐच्छिक आहेत, आणि नंतरच्या गाड्या खरोखरच बुकिंगच्या क्रमानं जातात. या विजयावर मी एके काळी ठळक अक्षरात पत्रक काढलं असतं. सरांचे बुकिंगचे पैसे परत गेले. ते रविवारी यायचे थांबले.

मला विक्रीतून काढून विम्याच्या टेबलावर बसवलं. तिथून मीच बाहेर पडले. आता वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत लोकांचे तक्रार अर्ज लिहून देते. पॅकेज ही लूटच होती, यावर मी आजही ठाम आहे. पण लढाई माझी होती आणि गाडी त्यांची गेली. म्हणून अर्ज लिहायला घेतला की समोरच्या माणसाला काय पाहिजे, ते पहिल्या ओळीत लिहिते. व्यवस्था दुसऱ्या पानावर. जागा उरली तर.