दोन दोऱ्यांचं पुस्तक

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर रागावू नये.

संस्थान अजून महाराजांचं होतं. मोर्चात धरलेल्या भावाला भेटायला मी कोल्हापूरच्या तुरुंगाच्या दारात बसले होते. पदराखाली आईनं दिलेला माफीचा कागद होता. त्यावर भावानं सही केली की तो सुटणार होता.

शेजारी एक ख्रिस्ती म्हातारी होती. तिचाही मुलगा त्याच मोर्चात धरलेला. मांडीवरच्या धर्मपुस्तकात तिनं एक लाल आणि एक काळा दोरा खुणेला घातला होता.

"हे दोरं कशाला, मावशी?"

"लाल जेलरसायबाला दावायला. तितं लिवलंय, रोमचं सरकार देवानं नेमलंय, त्येला मान द्या. काळा माज्या पोरासाठनं. तितं त्येच रोमचं सरकार सात डोक्यांचं जनावर हाय."

"मग खरं कुठलं?"

बोटाला थुंकी लावून पानं उलटत ती हसली. "दोन्ही लिवणारी देवाचीच माणसं, पोरी. आन् रोमच्या सरकारनं त्या दोघा लिवणाऱ्यांनाबी धरलं की! मान देणाऱ्याला तरी कुटं सोडलं?"

तेवढ्यात मला आत बोलावलं. भावानं गजांतून कागद घेतला, दोनदा वाचला आणि विचारलं, "तुला काय वाटतं गं?"

घरात मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

"नको करूस सही," मी म्हणाले. पहाऱ्यावरच्या शिपायानंही वळून पाहिलं.