कानामागं दोन दिवस

दवाखान्यात काम करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. ते खोकत, खाजवत स्वतःच्या पायांनी येतात! बुलढाण्यात मी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर. रोज घरी गेलो की वहीत टिपून ठेवतो. रोगावर औषध मिळतं, उतावळेपणावर अजून निघालेलं नाही, एवढं त्या वहीनं मला शिकवलं.

तोंडावरच्या डागांसाठी डॉक्टर सॅलिसिलिकचं सौम्य औषध देत. बाटली हातात देताना मी प्रत्येकाला सांगायचो, "आधी कानामागं लावून दोन दिवस थांबा. आग झाली नाही, तरच तोंडाला. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, अगदी पातळ. घासायचं नाही. उन्हापासून जपायचं." सगळे मान डोलवत. मान डोलवायला अक्कल लागत नाही.

कचेरीतले एक कारकून दुसऱ्याच दिवशी सुजलेलं तोंड घेऊन आले. अर्धी बाटली संपवलेली!

"काऊन हो साहेब?"

"चूक तुमची आहे! प्यायच्या औषधाच्या बाटलीले डोसाच्या खुणांची कागदी पट्टी लावता. हिले काऊन नाई लावली?"

खूण नसलेल्या फाइलीला हेच साहेब वर्षभर हात लावत नाहीत.

देऊळघाटचे मास्तर त्यांच्या वरचढ. नियम घडाघडा म्हणून दाखवले, पण दोन्ही गाल सोललेले.

"मास्तर, घासलं ना?"

"नाई जी! टाचेच्या वजरीनं जरासा हात फिरवला. अर्धं औषधानं काढलं, अर्धं म्या काढलं!"

मोताळ्याच्या बाजारात कापड विकणारे एक शेठ औषध लावून दिवसभर उन्हात बसले. तोंड भाजलेल्या वांग्यासारखं झालं. टोपीखालचं कपाळ तेवढं शाबूत. त्याच कपाळावर बोट ठेवून मला म्हणतात, "इथं गुन आला, बाकीच्याले काऊन नाई आला?"

अशांच्या रांगेत एक दिवस शेजारच्या काशीकाकूंची सुशीला आली. डागांपायी दोन ठिकाणांहून नकार आलेला. काकू म्हणाल्या, "दिवाळीनंतर एक पाटील पाहाले येनार हायेत. हेबी गेलं तर पोरीले कोन करन, भाऊ?"

सुशीला एवढंच म्हणाली, "भाऊ, नियम पुन्हा एकदा सांगा."

तिनं एक बाटली तीन महिने पुरवली. डाग पुष्कळ फिकट झाले, सगळे गेले नाहीत.

पाटील आले. मीही शेजारी म्हणून बसलो होतो. नवरदेव भरदुपारी नाकापर्यंत मफलर गुंडाळून! पोहे आले तेव्हा मफलर काढावाच लागला. गाल लालभडक, नाकाचे पापुद्रे सुटलेले. चारच दिवसांपूर्वी यानं माझ्याकडून बाटली नेली होती.

पाटलांनी लेकाकडे पाहिलंसुद्धा नाही. सुशीलेला न्याहाळत म्हणाले, "थोडे डाग हायेत अजून. जातीन ना पुरे?"



"जातीन हळूहळू," सुशीला म्हणाली.

"बरं. तुले काही विचाराचं हाय काय पोराले?"

तिनं सरळ मुलाच्या सोललेल्या तोंडाकडे पाहिलं. "तुम्ही आधी कानामागं लावून पाह्यलं होतं काय?"

"हाव! दोन दिवस पाह्यलं. काईच नाई झालं."

"मंग?"

"मंग काय, आमच्या गड्याच्या कानामागं लावलं होतं ना!"

सुशीलेनं त्याच्यापुढची पोह्यांची बशी उचलली आणि आत गेली.