मी परत टाकलेला ड्रायव्हर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही — ती गेली तेव्हाही हे माझ्या पोटातच होतं — आणि मुलाजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. मधेच "जाऊ द्या हो, या वयात कशाला" असं म्हणून तुम्ही मला थांबवणार नाही. ते वाक्य मला नको आहे. मला हे शेवटपर्यंत सांगायचं आहे.

गोष्ट एका लॅपटॉपची आहे. हसलात ना? हसा. मीही कितीतरी दिवस स्वतःला हेच सांगत होतो — एका यंत्राची तर गोष्ट, त्यात एवढं काय.

मी मूळचा निपाणीकडचा. तरुणपणी बेंगळुरूला आलो आणि टेलिफोनच्या कारखान्यात टेस्टिंग खात्यात लागलो, तो निवृत्त होईपर्यंत तिथेच. एक्स्चेंजमध्ये बसवायची सर्किटची कार्डं माझ्या टेबलावरून जायची. मी तपासून "ओके"चा शिक्का मारला की मग त्यावर कुणी शंका घ्यायची नाही, अशी पद्धत होती. ती पद्धत घरीही आली. गीझर असो, मिक्सर असो, जुनी स्कूटर विकत घ्यायची असो — "अज्जांनी ओके दिलाय" म्हटलं की विषय संपला. मला ते फार आवडायचं. किती आवडायचं, हे या गोष्टीतूनच कळेल.

माझी नात सई. गेम बनवायचं शिक्षण घेतलं तिने, आणि शिकतानाच तिला भाग्या भेटली. भाग्या बेंगळुरूजवळच्या आनेकलची. बसने यायची, काम लांबलं की आमच्याकडेच राहायची. सई मला अज्जा म्हणते, भाग्या ताता म्हणायची. तिच्याशी मी कन्नडमध्ये बोलायचो; इथे मराठीत लिहितोय.

दोघी मिळून एक गेम बनवत होत्या. पायऱ्यापायऱ्यांची जुनी पुष्करणी — इकडे तिला कल्याणी म्हणतात — आणि संध्याकाळी हातात दिवा घेऊन तिच्यात उतरणारी एक मुलगी. गोष्ट, पायऱ्या, मुलगी हे सगळं सईचं. प्रकाश भाग्याचा. शेवटच्या पायरीशी पाण्यावर शंभर दिव्यांची प्रतिबिंबं हलतात — ते पाणी भाग्याने केलं होतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा नकळत खुर्ची मागे घेतली होती, पाय भिजतील म्हणून. दोघी किती हसल्या!

त्यासाठी सईने नवा गेमिंग लॅपटॉप घेतला. जाड, काळा, मागून गरम हवा सोडणारा. आणि पहिल्याच आठवड्यात त्याने रंग दाखवला. गेम सुरू केला की थोड्या वेळाने पडदा काळा. पंखा घोंघावतोय, आवाज येतोय, चित्र नाही. दोघी इंटरनेटवर शोधायच्या. एक जण म्हणे नवा ग्राफिक्स ड्रायव्हर टाका, दुसरा म्हणे जुनाच टाका.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे मला सईने एका वाक्यात सांगितलं होतं: कॉम्प्युटर आणि चित्रं काढणारी चिप यांच्यातला दुभाष्या. आम्हा सीमेवरच्या माणसांना हे लगेच कळतं. दुभाष्या चुकला, तर दोन्हीकडची माणसं शहाणी असूनही काम बिघडतं.

मी म्हटलं, द्या इकडे. आणि खरंच सांगतो, ते काम मी चांगलं केलं. इंटरनेट तोडायचं, म्हणजे मशीन परस्पर स्वतःचा ड्रायव्हर ओढून घेणार नाही. सेफ मोडमध्ये जाऊन आधीचा पुरता काढायचा. पुन्हा सुरू करून, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरचा एकेक ड्रायव्हर टाकून बघायचा. आणि दर वेळी गेम पहिल्या पायरीपासून शेवटच्या पाण्यापर्यंत खेळायचा — मधे सोडायचा नाही. शेवटी एक सापडला. थोडा जुना, पण पक्का. पडदा एकदाही काळा झाला नाही.

मी दोघींना समोर बसवून सांगितलं, "आता याला कुणी हात लावायचा नाही. अपडेट म्हणून काही आलं तर 'नंतर' दाबायचं."

"सरी, बरं सर!" भाग्याने सलाम ठोकला.

"अज्जा, तिला सांगा," सई म्हणाली. "ही बाई फोनवर काहीही आलं की ओके दाबते."

"ए, मी कुठे गं! तूच त्या दिवशी —"

इथपर्यंत लिहिताना मला काही जड गेलं नाही, बघा. माणूस आपली हुशारी किती सविस्तर सांगतो! आता पुढचं.

शहरातल्या कोरमंगला भागातल्या एका लहानशा स्टुडिओने त्यांना गेम दाखवायला बोलावलं. आवडला तर दोघींना काम मिळणार होतं. आदल्या दिवशी दुपारी दोघी बाहेर जेवायला गेल्या. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा. मी पाणी प्यायला आलो, तर कोपऱ्यात सूचना — ड्रायव्हरची नवी आवृत्ती आली आहे, चित्रं अधिक वेगाने चालतील.

मी का दाबलं? माहीत नव्हतं असं नाही. नियम माझाच होता. पण मनात आलं, उद्या गेम आणखी सुरेख चालेल, त्या विचारतील "अज्जा, हे कसं?" आणि मी सांगेन. एवढंच. ते "अज्जा, हे कसं?" ऐकायचं होतं.

पडदा दोनदा मिटला, उघडला. मी गेम सुरू केला, पहिल्या काही पायऱ्या उतरून बघितल्या, ठीक वाटलं, बंद केला. पाण्यापर्यंत गेलो नाही. जन्मभर एकही कार्ड अर्धवट तपासून पुढे पाठवलं नाही — आणि त्या दिवशी पाठवलं. त्या परत आल्या, तेव्हा काही बोललोही नाही. म्हटलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी त्या रिक्षातून उतरल्या तेव्हाच मला कळलं. पाण्यापाशी पोचल्याबरोबर पडदा काळा झाला होता. पुन्हा सुरू केला, पुन्हा तिथेच काळा. स्टुडिओवाले भले होते. दुरुस्त करून आठवड्याने या म्हणाले.

सई पायातलं न काढताच भाग्याला म्हणाली, "परवा तू पाण्यात काहीतरी बदललंस ना?"

"अगं, अगदी स्वल्प. आणि चालवून बघितलं होतं मी."

"मग?"

सई माझ्याकडे वळली. "अज्जा, लॅपटॉप ओके होता ना?"

तिने हे मराठीत विचारलं. भाग्याला मराठी फारशी कळायची नाही, पण ओके कळतं. तिनेही माझ्याकडे बघितलं. दोघींच्या डोळ्यांत एकच गोष्ट होती — आता अज्जा सांगतील.

"ओके होता," मी म्हणालो.

तेव्हा मला खात्री होती का? नव्हती. संशय होता. मी स्वतःला म्हटलं, कदाचित खरंच भाग्याकडून काही राहिलं असेल. असं म्हणून माणूस एक रात्र काढू शकतो. आणि गोष्ट इथेच संपली असती, तर मी तिला भित्रेपणा म्हणून कदाचित विसरूनही गेलो असतो. पण ती इथे संपत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सई बाहेर होती. मी लॅपटॉप उघडला. नवा ड्रायव्हर काढला, जुना पक्का होता तो टाकला, आणि भाग्याचं पाणी आहे तसं ठेवून गेम खेळलो. सगळ्या पायऱ्या. शेवटची पायरी. शंभर दिवे, हलणारं पाणी — सगळं स्वच्छ. पुन्हा खेळलो. पुन्हा स्वच्छ. भाग्याच्या कामात काहीच चूक नव्हती. हे जगात फक्त मला ठाऊक होतं, आणि आता पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात सईचा फोन आला. निघतेय, अर्ध्या तासात पोचते.

त्या अर्ध्या तासात मी काय केलं, ते सांगायला इथवर आलोय. मी जुना ड्रायव्हर पुन्हा काढला. आणि नवा, बिघडलेला — परत टाकला.

मुद्दाम. कारण सई आल्यावर गेम नीट चालला असता, तर पहिला प्रश्न आला असता — काल आणि आजमध्ये काय बदललं? कुणी बदललं? माझ्याकडे पूर्ण अर्धा तास होता. घाईत झालं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

पुढचं आपोआप घडलं. सईने भाग्याचं पाणी काढून साधं पाणी घातलं आणि गेम सुरळीत चालला. त्या नव्या ड्रायव्हरला नेमकी ती प्रतिबिंबंच झेपत नव्हती. पण बघणाऱ्याला काय दिसणार? पाणी काढलं, दोष गेला. भाग्याने स्वतः ते बघितलं. रडली नाही. म्हणाली, "माझ्यामुळे तुझं काम जायला नको," आणि स्टुडिओत गेली नाही. सई गेली. सईला काम मिळालं. मला वाटतं, त्या दिवसापासून भाग्याने आमच्या घरी राहणं बंद केलं. वाटतं म्हणजे काय — माहीत आहे मला.

तेव्हा सांगता आलं असतं? रोज सांगता आलं असतं. सईच्या पहिल्या पगाराच्या दिवशी, तो गेम लोकांपुढे आला त्या दिवशी. बायको दवाखान्यात होती, तेव्हा भाग्या आनेकलहून डबा घेऊन यायची — तेव्हाही. मी डबा घ्यायचो आणि म्हणायचो, "कशाला गं एवढा त्रास."

त्याला आता बरीच वर्षं झाली. सई मोठ्या हुद्द्यावर आहे. भाग्या आनेकलमध्ये एका क्लासात मुलांना कॉम्प्युटर शिकवते. गेम तिने पुन्हा कधी बनवला नाही. गेल्या महिन्यात दोघींची पुन्हा गाठ पडली आणि सई तिला घरी घेऊन आली. चहा घेताना भाग्या हसत म्हणाली, "ताता, क्लासच्या पहिल्या दिवशी मी पोरांना माझीच गोष्ट सांगते. एकदा नीट न तपासता काम पुढे केलं आणि हातचं घालवलं, म्हणून."

"अगं, किती जुनं ते," सई म्हणाली.

"जुनं कसलं? तातांनी त्या दिवशी स्पष्ट सांगितलं म्हणून मला माझी चूक कळली. नाहीतर मी लॅपटॉपलाच दोष देत बसले असते." आणि जाताना ती वाकून माझ्या पाया पडली.

मी आशीर्वाद दिला. त्याही दिवशी! तोंडातून "सुखी राहा" निघालं आणि दार लागलं.

दर वर्षी नव्या पोरांसमोर ती मुलगी माझी चूक स्वतःच्या नावावर वाचून दाखवते. मी तिचं फक्त काम नेलं असं समजत होतो. तिचा स्वतःच्या हातावरचा विश्वासही नेला, हे त्या चहाच्या वेळी कळलं. त्या संध्याकाळी मी ठरवलं. मग शब्द जुळवण्यात काही दिवस गेले, आणि लक्षात आलं, की मी मऊ शब्द शोधतोय — "गैरसमज", "नजरचूक". ते सगळे खोडले. म्हणून तर हे लिहून काढलं. एकदा कागदावर सरळ आलं की तोंडाला पळवाट राहत नाही.

काल भाग्याला फोन केला. रविवारी येतोय म्हटलं.

"बन्नी ताता, बन्नी! या ना! जेवायला नाचणीचे मुद्दे आणि सारू करते. चालेल ना?"

"जेवायला थांबणार नाही. एक गोष्ट सांगायची आहे, तुला आणि सईला, दोघींना एकत्र."

"अय्यो, एवढं काय? फोनवर सांगा की."

"नाही. समोर."

दोघींसमोर खोटं बोललो, दोघींसमोरच खरं बोलायचं. पहिलं वाक्य ठरलेलं आहे: भाग्या, तुझं काम बरोबर होतं. मग ड्रायव्हर मी बदलला ते. ओके होता म्हणालो ते. दुसऱ्या दिवशी सगळं समजल्यावर बिघडलेलाच परत टाकला ते — हे शेवटचं गाळणार नाही. सईला यातून काय वाटेल, ज्या कामावर ती उभी आहे त्याकडे ती कशी बघेल, हे मला माहीत नाही. ते ओझं तिच्यावर टाकू नये, असं म्हणून मी आणखी काही वर्षं गप्प बसू शकलो असतो. तेही सोडून दिलं.

वय सांगणार नाही. पश्चात्ताप किती झाला ते सांगणार नाही. माफ करा असंही म्हणणार नाही; म्हटलं की ती बिचारी लगेच करून टाकेल.

सई विचारत होती, रविवारी कारने परत किती वाजता निघायचं. मी सांगितलं, जाताना तुझ्याबरोबर येईन. येताना मी बसने येणार आहे. तू तिथेच थांब, भाग्याजवळ.